तेरा सोंगट्यांचा डाव

न्यूयॉर्क शहराच्या वायव्येस सुमारे दीडशे किलोमीटरांवर कॅटस्किलचा डोंगराळ प्रदेश आहे. डोंगर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचे कडे नाहीतर सातपुड्याची रानवट टेकाडे उभी राहतात. तसे रौद्र येथे काही नाही. यातील सर्वांत उंच शिखर, स्लाइड माउंटन, १,२७४ मीटर उंचीचे, म्हणजे पचमढीच्या आपल्या धूपगडाहूनही थोडे बुटकेच. मेपल, ओक आणि हेमलॉक यांची दाट झाडी, मधूनच एखादे शांत तळे, आणि पहाटे तळ्यावरून हलके हलके उठणारे धुके, एवढेच येथील वैभव. परंतु न्यूयॉर्कच्या उकाड्यातून सुटून आलेल्या माणसास एवढे पुरते.

२०२३ च्या जुलैत तीन आठवडे मी या प्रदेशात राहिले. माझी मुलगी न्यू जर्सीत एडिसन येथे असते. तिने मॉन्टिसेलो गावाजवळ एक लहान लाकडी बंगली भाड्याने घेतली होती. ती आणि नातू माझ्याबरोबर राहत. जावई शुक्रवारी रात्री येत आणि रविवारी संध्याकाळी परत जात. हवापालट हे निमित्त होते. खरा हेतू निराळा होता. यजमान गेल्यापासून चार वर्षे मी सहा महिने इंदूरला आणि सहा महिने अमेरिकेत अशी काढीत होते. इंदूरचे घर विकून कायमचे आपल्याकडे यावे, असा मुलीचा आग्रह होता. "आई, या खेपेस जाण्यापूर्वी काय ते ठरव," असे तिने निघतानाच सांगितले होते. मी "बघू" म्हटले होते. चार वर्षे मी तेच म्हणत आले होते.

सतरा क्रमांकाचा रस्ता झाडीतून चढत जातो. वाटेत कोठे जुन्या हॉटेलाचे गंजलेले फाटक दिसते, कोठे गवतात बुडालेला पोहण्याचा हौद. एकेकाळी या टापूत पाचशेहून अधिक हॉटेले होती, हे सांगून खरे वाटत नाही. त्या काळी अमेरिकेतील पुष्कळ नामांकित हॉटेलांत ज्यू लोकांस प्रवेश नसे. तेव्हा न्यूयॉर्कच्या कोंदट वस्त्यांतून राहणाऱ्या ज्यू कुटुंबांनी या डोंगरांत आपल्यापुरती सोय करून घेतली. प्रथम शेतकऱ्यांच्या घरांतून खोल्या घेतल्या, मग खाणावळी निघाल्या, मग मोठमोठी हॉटेले उभी राहिली. ज्यांना हॉटेल परवडत नसे ते 'कुखालेन'मध्ये उतरत. या यिडिश शब्दाचा अर्थच मुळी 'आपले आपण रांधा'. आपल्याकडच्या धर्मशाळेत बिऱ्हाड थाटून चूल मांडावी, तसाच प्रकार. बिटाच्या लालभडक सूपवरून, म्हणजे बोर्श्टवरून, साऱ्या प्रदेशालाच थट्टेने 'बोर्श्ट पट्टा' असे नाव पडले.

पुढे विमानप्रवास स्वस्त झाला, घरोघरी वातानुकूलन आले, इतर हॉटेलांचे दरवाजेही उघडले, आणि ज्या कारणाने हे सारे वसले ते कारणच उरले नाही. ग्रॉसिंगर हे प्रसिद्ध हॉटेल १९८६ साली बंद पडले. कॉन्कॉर्ड १९९८ साली. साउथ फॉल्सबर्ग येथे तर जुन्या हॉटेलांच्या वास्तूंत स्वामी मुक्तानंदांच्या परंपरेचा आश्रम उभा राहिला. ठाणे जिल्ह्यातील गणेशपुरीचा धागा या डोंगरात येऊन पोहोचलेला पाहून मला मोठी गंमत वाटली. आता उन्हाळ्यात मुख्यतः कर्मठ ज्यू कुटुंबे येथे येतात. काळे लांब कोट घातलेली मुले सायकलींवरून जाताना दिसतात.

आमच्या वसाहतीत हिरवळीभोवती पांढऱ्या रंगाच्या वीस-बावीस बंगल्या होत्या. मध्ये एक सामाईक दालन. त्यास 'कॅसिनो' म्हणतात, पण जुगाराशी त्याचा संबंध नाही. सभा, नाटके, वाढदिवस यांसाठी ते असते. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या दालनाच्या ओसरीवरून एक आवाज कानी आला. गारगोट्या परातीत घालून कोणी हलवाव्यात, तसा. तो मी पूर्वी ऐकला होता. महूच्या लष्करी छावणीत माझ्या मावसबहिणीचे यजमान नोकरीस होते. तिच्याकडे दुपारी अधिकाऱ्यांच्या बायका जमत, तेव्हा दिवाणखान्यातून असाच खडखडाट येई. मी बाहेर चहाचे कप मांडीत असे. खेळ कधी पाहिला नाही.

ओसरीवर तीन वृद्धा बसल्या होत्या आणि चौथी खुर्ची रिकामी होती. त्यांतील सर्वांत वयस्क, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, त्यांना मी मनातल्या मनात 'थोरल्या बाई' असे नाव ठेवले. त्यांनी मला हाक मारली.

"तुम्हांला माहजाँग येते का?"

"नाही. रमी येते."

"मग चालेल. रमीवाल्यांना शिकवता येते. ब्रिजवाल्यांना आधी विसरायला शिकवावे लागते."

त्यांची चौथी मैत्रीण मार्चमध्ये निवर्तली होती. तिघींतही हा खेळ होतो, पण त्यात आरंभीची सोंगट्यांची अदलाबदल नसते. आणि थोरल्या बाईंच्या मते अदलाबदलीवाचून माहजाँग म्हणजे मिठावाचून वरण. (वरण हा शब्द माझा, त्यांनी सूप म्हटले होते.) अशा रीतीने मी त्या रिकाम्या खुर्चीवर बसले.

हा खेळ मूळचा चीनचा, एकोणिसाव्या शतकातला. चिनी भाषेत त्याच्या नावाचा अर्थ 'चिमणी' असा आहे, आणि सोंगट्या मिसळतानाचा आवाज ऐकला की नाव पटते. जोसेफ बॅबकॉक नावाचा एक अमेरिकन गृहस्थ तेलाच्या कंपनीच्या नोकरीनिमित्त चीनमध्ये होता. १९२० साली त्याने या खेळाचे सोपे केलेले नियम इंग्रजीत छापले, आणि पुढील दोन-चार वर्षांत अमेरिकेत माहजाँगचे अक्षरशः वेड पसरले. वेड ओसरले तेव्हा नियमांचा मात्र गोंधळ उरला होता. घराघरांत निराळा कायदा. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये काही स्त्रियांनी, ज्यांत बहुसंख्य ज्यू होत्या, राष्ट्रीय माहजाँग लीगची स्थापना करून एकच नियमावली ठरविली आणि कोणते डाव ग्राह्य धरावयाचे याची यादी एका घडीच्या पत्रकावर छापली. तेव्हापासून दरवर्षी वसंतात नवे पत्रक निघते. गेल्या वर्षीचे डाव यंदा चालत नाहीत. पत्रकांच्या विक्रीतून लीग धर्मादाय संस्थांना साहाय्य करीत आली आहे.

कॅटस्किलमध्ये हा खेळ रुजण्याचे कारण सरळ आहे. नवरे आठवडाभर शहरात कामावर, बायका-मुले डोंगरात. मुले तळ्यावर गेली की चौघी टेबलाभोवती. "शुक्रवारी संध्याकाळी मोटारींचे दिवे दिसू लागले की डाव मोडायचा," थोरल्या बाई म्हणाल्या. शुक्रवारी रात्री आमचे जावई आले, त्यांच्या मोटारीचे दिवे हिरवळीवरून फिरले, आणि मला त्या वाक्याची आठवण झाली.

आता खेळाविषयी. सोंगट्या एकूण १५२. बांबूच्या कांड्या, ठिपके आणि चिनी अक्षरे असे तीन रंग, प्रत्येकात एक ते नऊ अंक, प्रत्येकाच्या चार सोंगट्या, म्हणजे १०८. चार दिशांचे वारे, प्रत्येकी चार; तीन ड्रॅगन, प्रत्येकी चार; आठ फुले आणि आठ जोकर. सुरुवातीस प्रत्येकीस तेरा सोंगट्या मिळतात, वाटणारीस चौदा. पत्रकावर छापलेल्या पन्नासाहून अधिक डावांपैकी एखादा चौदा सोंगट्यांनी अचूक पूर्ण करणारी जिंकते. डाव घराण्यांत वाटलेले असतात: सम अंकांचे, विषम अंकांचे, क्रमवार अंकांचे, तीन-सहा-नवाचे, वारे आणि ड्रॅगन यांचे, चालू वर्षाच्या आकड्यांचे, आणि असेच आणखी काही. वर्षाच्या आकड्यात शून्य लागले तर पांढरा ड्रॅगन शून्य म्हणून बसतो. या बायका त्यास लाडाने 'साबण' म्हणतात, आणि तो खरोखरच साबणाच्या वडीसारखा दिसतो.

म्हणजे रमीत आपण हातातली पाने पाहून वाट काढतो. येथे वाटा आधीच छापलेल्या असतात, आणि तेरा सोंगट्या पाहून त्यांतील कोणत्या वाटेने निघावे हे ठरवावे लागते. साऱ्या खेळाचे मर्म या पहिल्या दोन-चार मिनिटांत आहे. पुढचे बरेचसे नशीब.

पहिल्या दिवशी मी काय केले असेल? जे कोणीही नवशिका करील तेच. पत्रक हाती घेतले आणि सर्वांत जास्त गुणांचा डाव शोधला. साधे डाव २५ गुणांचे. एक डाव तब्बल ७५ गुणांचा होता, सगळ्या सुट्या सोंगट्यांचा आणि जोड्यांचा. त्यातल्या पाच सोंगट्या माझ्याकडे होत्या, शिवाय दोन जोकर. मी खूश. अर्धा खेळ झाल्यावर थोरल्या बाईंनी माझ्या पट्टीवर नजर टाकली आणि कपाळाला हात लावला.

"जोकर तीन किंवा अधिक सारख्या सोंगट्यांच्या संचातच बसतो. जोडीत बसत नाही, एकट्या सोंगटीच्या जागीही नाही. तुमच्या डावात त्या दोन जोकरांना उभे राहायला जागाच नाही!"

रमीत जोकर कोठेही घुसतो, म्हणून मी हा नियम ऐकूनही मनावर घेतला नव्हता. जोडीतली हरवलेली सोंगटी दुसऱ्या कशाने भरून निघत नाही. तीच यावी लागते, आणि तशा चारच असतात.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला पत्रक उघडूच दिले नाही. "आधी हात पाहा, मग पत्रक." हात पाहताना तीन प्रश्न विचारायचे. पहिला, जोड्या किती आणि कोणत्या? कारण त्या मिळण्यास सर्वांत कठीण. दुसरा, कोणत्या घराण्याच्या सोंगट्या जास्त? तिसरा, जोकर किती? जोकर दोन-तीन असतील तर चार-चार, पाच-पाच सारख्या सोंगट्यांचे डाव धरावेत. एकही नसेल आणि जोड्या बऱ्याच असतील तर जोड्यांच्या डावाकडे पाहावे. गुणांचा प्रश्न या तिहींनंतर. "पंचवीस गुण मिळवणारी बाई पंचाहत्तरांची वाट पाहणारीपेक्षा जास्त वेळा हसते," हे त्यांचे वाक्य.

त्या दिवशीचा एक हात मला सोंगटी न् सोंगटी आठवतो, कारण तो मी रात्री वहीत लिहून ठेवला. बांबूच्या दोन दुर्र्या, चव्वी, छक्की आणि सत्ती. अक्षरांची चव्वी आणि अठ्ठी. ठिपक्यांची तिर्री आणि पंजी. उत्तरेचा वारा, तांबडा ड्रॅगन, एक फूल, एक जोकर. मी क्रमवार अंक मोजले: दोन, दोन, तीन, चार, चार, पाच, सहा, सात. आठ सोंगट्या! सम अंकांच्या मात्र सहाच. तेव्हा क्रमवार डाव उघडच बरा, असे मी म्हटले.

"मोजलेत, पण रंग पाहिले नाहीत," बाई म्हणाल्या. "तुमच्या क्रमात तिन्ही रंगांची खिचडी आहे. डाव छापला असतो तो एका, दोन नाहीतर तीन रंगांत, पण ठरलेल्या जागी. तरी अजून घाई नको. बांबूच्या दुर्र्या, चव्वी, छक्की या दोन्ही वाटांवर चालतात. त्या हलवू नका. जी सोंगटी दोन्ही वाटांवर निरुपयोगी, ती आधी द्या."

येथे अदलाबदल सुरू होते. तिला चार्ल्सटन म्हणतात. त्याच नावाचा एक नाच १९२० नंतरच्या दशकात गाजला होता, आणि सोंगट्याही तशाच इकडून तिकडे नाचतात. प्रत्येकीने तीन सोंगट्या प्रथम उजवीकडे द्यायच्या, मग समोर, मग डावीकडे. आणि तितक्याच घ्यायच्या. या तीन फेऱ्या सक्तीच्या आहेत. त्यानंतर चौघींची संमती असेल तरच आणखी तीन फेऱ्या, उलट दिशेने. शेवटी समोरचीशी राजीखुशीने तीनपर्यंत. जोकर मात्र कोणासही देता येत नाही. पहिल्या दिवशी मी उदारपणे एक देऊ केला होता आणि तिघी एकदम ओरडल्या होत्या.

मी उत्तरेचा वारा, तांबडा ड्रॅगन आणि ठिपक्यांची पंजी उजवीकडे दिली. डावीकडून बांबूची अठ्ठी, ठिपक्यांचा एक्का आणि साबण आला. सम अंकांची वाट थोडी रुंदावली. समोर मी एक्का, तिर्री आणि साबण दिला. अक्षरांची दुर्री, ठिपक्यांची नव्वी आणि पूर्वेचा वारा आला. आता सम अंकांच्या आठ सोंगट्या झाल्या, फूल आणि जोकर धरून दहा. उरल्या तीन: नव्वी, पूर्व, आणि बांबूची सत्ती. तिसरी फेरी डावीकडची. देण्यास नेमक्या तीनच सोंगट्या होत्या.

आणि माझा हात सत्तीवर अडला. छक्की, सत्ती, अठ्ठी, तिन्ही बांबूच्या, शेजारी शेजारी उभ्या होत्या. क्रमवार डावाची वाट अजून पुरती मिटली नव्हती. या तिसऱ्या फेरीत एक सवलत असते: देण्यास तीन सोंगट्या नसतील तर आपल्याकडे येणाऱ्यांतून एक, दोन किंवा तिन्ही न पाहता तशाच पुढे सारता येतात. मी म्हटले, "नव्वी आणि पूर्व देते, तिसरी, येईल त्यातली एक न बघता पुढे ढकलते. सत्ती राहू दे."

थोरल्या बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "कायद्याने तुम्हांला तसे करता येईल. पण ही सोय कशासाठी आहे? हातात नको असलेले काहीच उरले नसेल, तर. तुमच्याजवळ नको असलेली सोंगटी आहे, ती नको आहे हे तुम्हांला ठाऊक आहे, आणि ती जपण्यासाठी तुम्ही येणारी सोंगटी तोंड न बघता घालवणार. ती अक्षरांची दुर्री असली तर? फूल असले तर?"

मी सत्ती दिली. काय आले, ते सांगण्यासारखे नाही, अगदीच किरकोळ. तो डाव मी एका सोंगटीने हरले. चष्मेवाल्या बाईंनी २५ गुणांचा साधासा डाव मांडला आणि माझ्याच हातून पडलेल्या सोंगटीवर जिंकल्या. जिच्या सोंगटीवर डाव होतो तिला दुप्पट द्यावे लागते, म्हणून माझे पन्नास सेंट गेले. एका बैठकीत पाच डॉलरपेक्षा जास्त कोणी हरायचे नाही, हा त्या घरचा कायदा होता. तो मी अनेकदा उपयोगात आणला.

पुढील दोन आठवड्यांत आणखी काही गोष्टी ध्यानात आल्या. आपल्याकडे काय येते त्यावरून शेजारणीस काय नको आहे ते कळते. डावीकडून पुनःपुन्हा विषम अंक येऊ लागले तर समजावे की ती बाई विषमांच्या वाटेवर नाही. एकाच जातीच्या दोन सोंगट्या कोणास एकदम देऊ नयेत. त्या तिची जोडी होऊन बसतात. फुले हातची सोडू नयेत, पुष्कळ डावांत ती लागतात. आणि दुसऱ्याने टाकलेली सोंगटी मागून आपला संच उघडा मांडण्याची घाई करू नये. संच हातात आहे तोवर वाट बदलता येते. एकदा टेबलावर मांडला की तो परत घेता येत नाही, आणि तुम्ही कोठे निघालात हे साऱ्यांना दिसते.

पण याच्या उलट टोकासही नवशिके जातात, आणि मी गेले. सत्तीचा धडा विसरून एका दुपारी मी दोन वाटा शेवटपर्यंत धरून बसले. सम की तीन-सहा-नऊ? छक्की दोन्हींत चालते, म्हणून मी दोन्हींची भर करीत राहिले. भिंतीतल्या सोंगट्या निम्म्या संपल्या तेव्हा माझ्याजवळ सातांचे सम होते आणि सातांचे तीन-सहा-नऊ, आणि दोन्हींना लागणाऱ्या सोंगट्या इतरांनी केव्हाच टाकून दिल्या होत्या. कोणीच जिंकले नाही. थोरल्या बाई हसून म्हणाल्या, "पहिल्या फेरीला दोन वाटा म्हणजे शहाणपण. सहाव्या फेरीनंतर दोन वाटा म्हणजे नुसते बसून राहणे."

त्या हे सोंगट्यांविषयी बोलत होत्या. माझ्या घराविषयी त्यांना तोवर काही ठाऊक नव्हते. पण रात्री मला झोप आली नाही. चार वर्षे सहा महिने येथे, सहा महिने तेथे. इंदूरला गेले की कुलूप काढून जाळी-जळमटे झाडण्यात पहिला महिना जाई आणि निघण्याच्या तयारीत शेवटचा. येथे आले की नातू नुकताच ओळखू-बोलू लागे तोच परतीचे तिकीट. दोन्हीकडे सात-सात सोंगट्या, आणि डाव कोठेच नाही.

तिसऱ्या आठवड्यात मुलीने आम्हां दोघींना मोटारीतून कियामेशा तळ्याकडे नेले. तेथे कॉन्कॉर्ड हॉटेल होते. आता त्या जागी २०१८ साली उघडलेले जुगाराचे भव्य आधुनिक संकुल आहे. थोरल्या बाई मोटारीतून उतरल्या नाहीत. काच खाली करून त्यांनी थोडा वेळ पाहिले. लग्न झाल्यावर त्या आणि त्यांचे यजमान येथे दोन रात्री राहिले होते, तेवढ्याच परवडल्या होत्या. यजमान जाऊन अकरा वर्षे झाली. मुलगा कॅलिफोर्नियात, तोही त्यांना बोलावतो.

"मग जात का नाही?" मी विचारले. प्रश्न खरे म्हणजे मी कोणास विचारीत होते, हे मुलीच्या ध्यानात आले असावे. तिने रस्त्यावरची नजर हलविली नाही.

"मी मोजून पाहिले," बाई म्हणाल्या. "माझ्या दोन जोड्या होत्या. एक अकरा वर्षांपूर्वी फुटली, एक या मार्चमध्ये. आता मी जोडीचे डाव धरत नाही. तीन-तीन, चार-चारांचे धरते. त्यांत जोकर चालतो. या उन्हाळ्यात तुम्ही बसलात. पुढच्या वर्षी आणखी कोणी बसेल. माझा मुलगा भला आहे, पण माझ्या बाकीच्या सोंगट्या न्यूयॉर्कच्या आहेत." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुमचा हात वेगळा आहे. माझे पत्रक पाहून तुम्ही खेळू नका."

मला जोकर म्हटल्याचा राग आला नाही. उलट बरे वाटले. त्या ओसरीवर मी कोणाची जागा घेतलेली नव्हती, आणि घेऊ शकतही नव्हते. पण चार्ल्सटन होण्यास चौथी लागते, तेवढी मी होते.

परतल्यावर मी बंगलीच्या पायरीवर बसून माझा हात मोजला. इंदूरकडे सोंगट्या पुष्कळ: स्वतःचे छप्पर, चाळीस वर्षांच्या मैत्रिणी, वाचनालय, गणेशोत्सवातली व्याख्याने, सराफ्यातून येणारा रात्रीचा गलका, भाजीवाल्याशी मराठीमिश्रित हिंदीत घालावयाची हुज्जत. नुसत्या संख्येने इंदूरचेच पारडे जड. पण त्यांतील एकेक पाहू लागले तेव्हा ध्यानात आले की बहुतेकांच्या जागी दुसरे काही ना काही बसू शकते. एडिसनमध्ये मराठी मंडळी आहेत, पुस्तके आहेत, हुज्जत घालण्याजोगे भाजीवालेसुद्धा आहेत. ते खरे नव्हेत, जोकर आहेत. पण संचात जोकर चालतो. जोडी मात्र माझ्याकडे एकच उरली आहे, मुलगी आणि नातू, आणि ती एडिसनच्या बाजूला आहे. तिच्या जागी बसेल असे इंदूरला काही नाही. राहता राहिली ती बांबूची सत्ती, आमचे घर. ते सुंदर आहे. यजमानांनी स्वतः उभे राहून बांधून घेतले. आणि ते जपण्यासाठी मी चार वर्षे, पुढे येणारे जे जे, ते तोंड न बघता ढकलीत आले होते.

आयुष्याचे निर्णय सोंगट्या मोजून होत नाहीत, हे मलाही कळते. पण मोजल्यावाचूनही होत नाहीत. नुसते पुढे ढकलले जातात.

शेवटच्या दुपारी आम्ही चार डाव खेळलो. तिसरा मी जिंकले. २५ गुणांचा, सम अंकांचा, अगदी साधा. तिघींनी पैसे मोजून माझ्या पुढ्यात ठेवले आणि थोरल्या बाईंनी आपले मोठ्या अक्षरांतले पत्रक मला दिले. "वसंतात नवे येईल. हे तसेही शिळे होणार," त्या म्हणाल्या. संध्याकाळी सामान मोटारीत भरताना मी मुलीला म्हटले, "ऑक्टोबरात जाते ती घर आवरायला." ती काही बोलली नाही. डिकी उघडून तिने बांधलेली एक पेटी उगीचच पुन्हा बांधली.

हे लिहीत आहे ती इंदूरच्या त्याच घरात, निम्म्या रिकाम्या झालेल्या कपाटांपुढे बसून. पुस्तके वाचनालयास दिली. देव्हारा धाकट्या जावेकडे गेला. हौदाशेजारची मोगऱ्याची कुंडी शेजारच्या काकूंनी नेली. रोज काही ना काही उजवीकडे, समोर, डावीकडे जात आहे. वाईट वाटते, वाटणारच. सत्ती देताना वाटले होते, त्याहून कितीतरी अधिक.

संपादकांस एक विनंती. या मासिकाची वर्गणीदार मी लग्न होऊन इंदूरला आले त्या वर्षापासून आहे. पुढील अंकापासून माझा पत्ता बदलावा. नवा पत्ता सोबत पाठविला आहे. अंक उशिरा मिळाला तरी चालेल, पण बंद करू नये.